मस्कतचा रविवार

१

मंगळवारी दुपारी चार वाजता बाळाबाई चहा घेऊन माजी विद्यार्थी संघाच्या खोलीत शिरली आणि तिनं प्राध्यापक हरिभाऊ गुंजीकरांना ओळखलं ते पायातल्या चपलांवरून. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलंच नव्हतं.

टेबल आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सर पडले होते. शेजारी संघाची जड पितळी ढाल. दरवर्षी 'आदर्श माजी विद्यार्थी' म्हणून कुणाला तरी ती देत. तिची कड वाकली होती आणि कडेला पांढरे केस चिकटले होते.

ए.एस.आय. मंगल हुंदरे गुडघ्यावर बसली. येळ्ळूरची, वीस वर्षं खात्यात, मारामारीत फुटलेली डोकी तिनं पुष्कळ पाहिली होती. पहिला घाव कानामागे, पाठीमागून घातलेला. उरलेले सात सर पडल्यानंतरचे, तोंडावर. पहिल्या घावातच माणूस गेला असणार. बाकीचे कशासाठी घातले, हे घालणाऱ्यालाच ठाऊक.

इन्स्पेक्टर हिरेमठ गदगकडचे. खोलीत छतापर्यंत कागद आणि ते सगळे मराठीत. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मंगलकडं पाहून म्हणाले, "नीवे ओद्री." तुम्हीच वाचा.

मंगलनं वाचायला घेतलं. टिळकवाडीतल्या त्या जुन्या कॉलेजातून शिकून गेलेल्यांची खबरबात सर वर्षातून एकदा छापत. पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका, नाव 'खुशाली'. कोण कुठं नोकरीला लागला, कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलगी झाली. पोरं पत्रं पाठवायची, सर ती ज्या त्या बॅचच्या फायलीत लावून ठेवायचे.

कपाटातल्या फायली ओळीनं उभ्या होत्या. रक्ताचा एक शिंतोडा २००८ वर पडला होता, दुसरा २०१० वर.

मधली फाईल नव्हती. सरांचा मोबाईलही नव्हता.

२

सरांच्या पत्नी वसुधाताई रडत नव्हत्या. त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर झाकून ठेवलेलं एक ताट होतं.

"महिनाभर त्यांना झोप नव्हती," त्या म्हणाल्या. "एका रविवारापायी."

"रविवार?"

"जोतिबा पावशे म्हणून एक विद्यार्थी. उचगावचा, २००९ ची बॅच. यांचा फार लाडका. दोन वर्षांनी एकाएकी मस्कतला गेला, तो परत आलाच नाही. वर्षातून एक चिठ्ठी यायची, टाइप केलेली. मित्राबरोबर पाठवतोय, तो तिकडून पोस्टात टाकेल, असं लिहिलेलं असायचं. आईला त्याचा फोन नाही, काही नाही. म्हणून हे दरवर्षी 'खुशाली' घेऊन उचगावला जायचे आणि मनुबाईंना तिच्या मुलाच्या चार ओळी वाचून दाखवायचे."

"मग?"

"महिन्यापूर्वी पुन्हा गेले, गेल्या अंकातल्याच ओळी वाचायला. तेव्हा शेजारचा एकजण सुट्टीवर आलेला, मस्कतहूनच. यांनी वाचलं, 'रविवारी सुट्टी असते, आम्ही क्रिकेट खेळतो.' तो हसायला लागला. म्हणाला, सर, तिथं शुक्रवारी सुट्टी. रविवारी आमची पाठ मोडते."

वसुधाताईंनी ताटावरचं झाकण उगीच सरळ केलं.

"घरी येऊन सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. रात्री मला म्हणाले, वसुधा, हा मुलगा मस्कतला गेलेलाच नाही. मग कुठं गेला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण चिठ्ठ्या लिहिणारा त्या चौघांपैकीच आहे म्हणाले. जोतिबाची चौकडी होती कॉलेजात. हा, ऋचा, आशुतोष आणि निपाणीचा ओमकार. त्यांच्यातली टोपणनावं बाहेर कुणालाच माहीत नव्हती, आणि ती चिठ्ठ्यांमध्ये असायची."

"काल-परवा कुणी घरी आलं होतं?"

"नाही. पण आज सकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होते की मनुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अकराच्या सुमाराला, मी कुकर लावत होते. फोन झाल्यावर विचारलं, कधी झालं हो ऑपरेशन? तर ओठावर बोट ठेवलं." त्या थांबल्या. "आणि म्हणाले, आज दुपारपर्यंत कळेल."

३

मनुबाई पावशे उचगावात घराच्या पायरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. वय सत्तरीला आलेलं, हात मात्र यंत्रासारखे चालत होते.

"मावशी, डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?" मंगलनं विचारलं.

"कुणाच्या डोळ्याचं? माझ्या?" म्हातारी फिस्कन हसली. "सुई आण, दोरा ओवून दावतो."

सर गेल्याचं सांगितल्यावर तिचे हात थांबले.

"लई भला माणूस," ती म्हणाली. "माझ्या पोरानं टाकलं, त्यानं न्हाय टाकलं."

"जोतिबा गेला कसा, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? मे महिना हुता. बेंगळूरला इंटरव्ह्यू हाय म्हणून गेला. दोन दिसांत येतो म्हणाला. महिन्यानं सरांकडं चिठ्ठी, मस्कतला पोचलो म्हणून. मग पोलिसात कशाला जायचं? पोरगं जितं हाय, निस्तं आईला इसरलंय. तेची कुठं तक्रार असती व्हय?" तिनं एक जुडी दातानं दोरा तोडून बाजूला टाकली. "लई शिकला. ल्हानपणी बैलहोंगलला मामाकडं ठेवलेला, कानडी साळंत. मराठी आन् कानडी दोन्ही असं लिव्हायचा, मोती जसं. गावचे सगळे अर्ज त्योच लिव्हायचा. शिकला आन् इसरला."

मंगल उठली तेव्हा म्हातारी तिच्याकडं न बघताच पुढं बोलली.

"एक सांगू? हितं गावात कुणी मेलं, कुणाचं लगीन झालं, तर त्याच्या चिठ्ठीत येतंय ते. म्हंजे हितलं कुणीतरी त्याला कळवतंय की. मग माझ्या पोराचा नंबर असंल त्याच्याकडं. तेवढा घिऊन दे मला. चौदा वरसांच्या शिव्या साठल्यात."

जोतिबाला कुणी कळवत नव्हतं. कळणारा आणि लिहिणारा एकच होता.

४

निपाणीत ओमकार शिंत्रेची तंबाखूची वखार. आत शिरताच मंगलला तीन शिंका आल्या. चाळीसेक बाया तोंडाला फडकी बांधून पानं निवडत होत्या. ओमकार दारातच उभा होता, आडदांड, मानेवर जुन्या वाराचा व्रण. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, तिच्यातून रक्त पाझरलेलं.

"पत्र्यानं कापलं," तो विचारायच्या आतच म्हणाला. "रविवारी. दवाखान्याचा कागद हाय. मंगळवारी दिवसभर मी हितंच हुतो, ह्या बायास्नी इचारा."

'खुशाली'च्या एका जुन्या अंकात त्याच्याबद्दल छापलं होतं, 'काही काळ बेळगावात वास्तव्य.' मंगलनं ती ओळ त्याला वाचून दाखवली. ओमकार मोठ्यानं हसला.

"हिंडलग्याच्या जेलात आठ म्हैने वास्तव्य. एका व्यापाऱ्याचं टाळकं फोडलं हुतं. सर भेटायला आलते. जाताना म्हणाले, छापू काय? मी म्हणलं छापा, पण जरा सभ्य भाषेत." हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं बऱ्या हातानं डोळे पुसले. "कुणी मारलं त्यास्नी, तेवढं नाव सांगा मला. पुढचं मी बघतो."

"सरांशी शेवटचं कधी बोललात?"

"धा दिस झाले. फोन आलता. उगंच जुन्या गोष्टी. जोतिबाची म्हातारी पुण्याला भाचीकडं ऱ्हायला गेली म्हणाले. बरं झालं म्हणलं, हितं एकटीच मरत हुती."

मंगलनं चेहरा हलू दिला नाही. कालच ती म्हातारीच्या पायरीवर बसून आली होती.

"जोतिबा कसा होता?"

"भोळा. कुणासाठीबी जीव टाकायचा. आशुतोषला सरकारी नोकरीच्या परीक्षेत कानडीचा पेपर सक्तीचा हुता, तर हे बेणं रात्रंदिवस त्याला शिकवत बसायचं. त्या आशुतोषला कानडी बोलायला यायचं फर्डं, पण लिव्हाय बसला की घाम फुटायचा. पेपराच्या आधी रडला हुता आमच्यापुढं. आणि झाला की पास, पहिल्या दणक्यात! आज केवढा मोठा साहेब हाय."

वखारीबाहेर पडताना मंगलनं वहीत दोनच शब्द लिहिले. पुणे. मोतीबिंदू. मग त्यांच्याखाली एक रिकामी ओळ सोडली. तिसरी गोष्ट कुठंतरी असणारच होती.

५

आशुतोष आणि ऋचा हेर्लेकर यांचा बंगला टिळकवाडीत. लग्नाला बारा वर्षं झालेली. आशुतोष गेल्या जूनमध्येच बंगळूरहून बढतीवर बेळगावला आलेला, दारात सरकारी गाडी. त्यानं हिरेमठांचं स्वागत अस्खलित कन्नडमध्ये केलं आणि दोघं क्षणात मोकळे झाले. हिरेमठांनी जबाबासाठी कोरा कागद पुढं सरकवला.

"तुमचा रायटर लिहील की," आशुतोष म्हणाला. "मी सही करतो." सही त्यानं इंग्रजीत केली.

मंगल ऋचाबरोबर स्वयंपाकघरात गेली. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि ऋचाच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. डबा काढायला तिनं हात वर केला तशी बाही सरकली. मनगटाच्या वर चार बोटांचा निळा ठसा होता. मंगलनं तो पाहिला आणि पाहिल्याचं ऋचालाही कळलं. तिनं बाही ओढून घेतली.

"मनुबाई कशा आहेत?" तिनंच घाईनं विषय काढला. "खुबा मोडला ना त्यांचा? सरांनी तीन आठवड्यांपूर्वी फोनवर सांगितलं. मला किती वाईट वाटलं. कॉलेजात असताना त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय आम्ही."

"घरात बोललात हे?"

"त्याच दिवशी, जेवताना. आशुतोषचा घास हातातच राहिला. नंतर दोनदा विचारलं त्यानं, कसा मोडला, कधी मोडला."

बाहेर येऊन मंगल आशुतोषसमोर बसली.

"मंगळवारी सकाळी अकराला सरांनी तुम्हाला फोन केला होता. अकरा मिनिटं बोललात, फोन कंपनीच्या यादीत आहे."

"हो. त्यांना माझा सत्कार करायचा होता. मी नको म्हणत होतो."

"मनुबाईंबद्दल काही म्हणाले?"

"मनुबाई?" त्यानं आठवल्यासारखं केलं. "छे. तो विषयच निघाला नाही."

निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला. फार सुसंस्कृत माणूस. "यंदाची 'खुशाली' आता राहिलीच म्हणायची," असं हळहळून म्हणाला.

"राहील कशी?" मंगल बोलून गेली. "सरांनी शनिवारीच सगळा मजकूर छापायला दिलाय. येळ्ळूर रस्त्याला भावकूअण्णांच्या छापखान्यात. उद्या जाऊन आणते मी."

जीपमध्ये बसल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. मग वाटलं, एका रात्रीत काय होणार आहे?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता येळ्ळूर रस्त्यावर काळा धूर दिसला.

छापखान्याचं शटर अर्धं वर होतं. आत कागदाच्या रिमा धडधडत होत्या. भावकूअण्णा बाहेर गटाराच्या काठावर पालथा पडला होता. डोकं फुटलेलं, डावा हात कोपराखाली नको त्या दिशेला वळलेला, हाड कातडीतून बाहेर आलेलं. मंगल त्याला लहानपणापासून ओळखत होती. तिच्या लग्नाची पत्रिका त्यानंच छापली होती.

"हेल्मेट घातल्यालं हुतं," तो कण्हत म्हणाला. "लोखंडी गज. 'खुशाली कुठं हाय' एवढंच म्हणत हुता आणि हाणत हुता. मी म्हणलं कम्प्युटरात हाय. मग पेट्रोल वतलं."

"अण्णा, माझ्यामुळं झालं रं हे. मीच तोंड उघडलं."

"गप गं." त्यानं उरलेल्या हातानं तिचं मनगट धरलं. "प्रूफ घरात हाय. तुझी वहिनी वाचती की सगळी प्रुफं. ते न्हाय सांगितलं मी त्याला."

भावकूची बायको अक्काताई सातवी शिकलेली, पण बेळगावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांतल्या चुका तिनंच काढलेल्या. तिनं रडत रडत सुपाखालचा कागदांचा गठ्ठा काढून दिला. २००९ च्या पानावर जोतिबा पावशेच्या नावापुढं सहा ओळी होत्या. मंगलनं त्या उभ्यानंच वाचल्या.

'मस्कतमध्ये सर्व ठीक. आईचा खुबा मोडल्याचं कळून जीव कासावीस झाला. रजा मिळाली की येतो. सर, तिला सांभाळा.'

दवाखान्याच्या व्हरांड्यात हिरेमठांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "म्हणजे सरांनी तिघांना तीन खोट्या गोष्टी सांगितल्या. ओमकारला पुणं, ऋचाला खुबा, आणि मोतीबिंदू कुणाला, तर मंगळवारी अकरा वाजता फोनवर होता तो आशुतोष. चिठ्ठीत आला खुबा. मग ऋचाच की. बाईमाणूस आठ घाव घालेल?"

"ऋचानं घरी सांगितलं होतं, साहेब. खुबा दोघांनाही माहीत होता."

"मग दोघांतलं कोण?"

"ओमकारला विचारलं नाही तरी त्यानं पुणं सांगितलं. ऋचानं न विचारता खुबा सांगितला. ज्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांनी ऐकलेलं बोलून टाकलं." मंगल सावकाश बोलत होती, स्वतःलाच पटवून घेत असल्यासारखी. "आता आशुतोषचं बघा. बायको म्हणते खुबा मोडला. तीन आठवड्यांनी सर सांगतात मोतीबिंदू. साधा माणूस असता तर काय म्हणाला असता? अहो सर, ऋचा तर खुबा म्हणत होती! सर तेच ऐकायला बसले होते. तो गप्प राहिला. कारण खुब्याची चिठ्ठी त्यानं आधीच पोस्टात टाकलेली, आणि आपण सापडलो हे त्याच क्षणी त्याला कळलं. मी विचारलं तर म्हणतो, मनुबाईचा विषयच निघाला नाही. वसुधाताईंनी तो विषय निघालेला कानांनी ऐकलाय."

हिरेमठांनी विचारलं, "आणि पोराला का मारलं असेल? चौदा वर्षांपूर्वी?"

"ते त्याच्याकडूनच लिहून घेऊ," मंगल म्हणाली. "कन्नडमध्ये."

७

दुपारी तीन वाजता हिरेमठांनी आशुतोषच्या बंगल्यातल्या टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"चारच ओळी, सर. मंगळवारी तीन वाजता आणि आज सकाळी साडेनऊला तुम्ही कुठं होता. स्वतःच्या हातानं लिहा. एवढे मोठे अधिकारी, कन्नड तर तुम्हाला येतंच."

आशुतोष हसला. त्यानं पेन उचललं. पंखा फिरत होता. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं आणि तिथंच राहिलं. कपाळावरून घामाचा थेंब ओघळून कागदावर पडला.

"लिही की," दारातून ऋचा म्हणाली.

"तू आत जा."

"तुझ्या त्या कन्नडच्या पेपरला ऐंशी मार्क पडले होते." ती आत गेली नाही. ती एकेक शब्द जोडत होती. "बारा वर्षांत मी तुला कन्नडमध्ये एक ओळ लिहिताना पाहिलं नाही. घरी आलेली साधी नोटीससुद्धा माझ्याकडून वाचून घेतोस. तो पेपर जोतिबानं लिहिला. तुझ्या नावावर तो बसला होता तिथं. हो ना?"

आशुतोष उठला तो कुणाला कळायच्या आत. त्यानं ऋचाच्या केसांत हात घातला आणि तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. दात फुटल्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. तिसऱ्या वेळी मंगलनं मधे हात घातला आणि तिचीच दोन बोटं चौकट आणि ऋचाचं कपाळ यांच्यामध्ये चेचली गेली. तिनं दुसऱ्या हातानं लाठी त्याच्या मनगटावर उतरवली, मग गुडघ्यावर. तो खाली बसला तरी त्यानं ऋचाचे केस सोडले नव्हते. हिरेमठांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली.

ऋचा भिंतीला टेकून बसली. तोंडातून रक्त गळत होतं. तिनं पदरात दोन दात थुंकले आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

"कुठं आहे तो?" मंगलनं विचारलं.

आशुतोष आता शांत झाला होता. विझलेल्या आवाजात, शुद्ध मराठीत बोलू लागला.

"निकाल लागला त्या आठवड्यात, बेंगळूरला जाता जाता जोतिबा माझ्याकडं आला. म्हणाला, सरांच्या समोर मला मान वर करता येत नाही, मी त्यांना सगळं सांगणार. मी समजावलं. पाया पडलो. ऐकेना. हिंडलग्याला आमचा मळा आहे, तिथं बोलत होतो. खोरं पडलं होतं." त्यानं गुडघा दाबून धरला. "पहिल्या घावाला तो खाली बसला आणि म्हणाला, आशू, रक्त येतंय बघ. तरी मी थांबलो नाही. तिथं एक कोरडी विहीर होती, ती त्याच उन्हाळ्यात बुजवली."

"आणि सर?"

"सरांनी फोनवर मोतीबिंदू म्हटलं आणि नंतर गप्प बसले. मी काय बोलतो, याची वाट ते बघत होते. दुपारी त्यांच्याकडं गेलो तर म्हणाले, बस. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. म्हणाले, चौदा वर्षं एका आईला मी माझ्या तोंडानं तुझं खोटं वाचून दाखवलं. असं म्हणून पाठ फिरवली आणि फोन उचलला."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. ते मंगलनं पाहिलं होतं.

८

हिंडलग्याच्या मळ्यात दोन दिवस खणत होते. बारा फुटांवर हाडं लागली. कवटीवर तीन घाव होते.

भावकूअण्णाचा हात वाचला, पण बोटं मिटत नव्हती. ऋचा माहेरी गेली. ओमकार वर्तमानपत्र वाचून निपाणीहून आला, कोर्टाच्या आवारात तासभर उभा राहिला आणि आशुतोषला आणल्यावर त्याच्याकडं नुसतं बघून परत गेला.

मनुबाईला सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. हिरेमठांनी विचारायच्या आत मंगल उठली.

म्हातारी पायरीवरच होती, पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग. मंगल पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसली आणि तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. परीक्षा, पेपर, मळा, विहीर, चिठ्ठ्या. सांगताना एकदाही म्हातारीच्या तोंडाकडं बघायचं धाडस तिला झालं नाही.

मनुबाई रडली नाही. तिनं विचारलं, "म्हंजे मे महिन्यातच?"

"व्हय, मावशी. घरातनं निघाला त्याच दिवशी."

"म्हंजे मला इसरला न्हवता त्यो."

"न्हाय. इसरायला त्याला येळच मिळाला न्हाय."

म्हातारीनं मान हलवली. कोथिंबिरीच्या काड्या ती सारख्या करत होती, पुन्हा विस्कटत होती.

"हिंडलग्यात कुठं? मोठ्या रस्त्याच्या कडंला नारळाची बाग हाय, ती?"

"तीच."

"हप्त्यातनं दोनदा त्याच रस्त्यानं जातो मी बाजाराला. टेम्पोतनं. चौदा वरसं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "लोकांस्नी सांगत जायचो, माझं पोरगं लई लांब हाय म्हणून. शिव्या देत जायचो गं त्याला. त्याच्या उशाशीच."

मंगलनं बऱ्या हातानं तिचा खांदा धरला. म्हातारीनं तो हात बाजूला केला, लुगड्याचा पदर खोचला आणि भिंतीला धरून उभी राहिली. पायात चपला सरकवल्या.

"मावशी, जीप आणलीय. बसा."

मनुबाईनं जीपकडं पाहिलंसुद्धा नाही. उन्हात, कोथिंबिरीचा ढीग तसाच पायरीवर टाकून, ती हिंडलग्याच्या दिशेनं चालू लागली होती.

"पाच किलोमीटर तर हाय," ती म्हणाली. "पोरानं कळवलं असतं तर चालतच गेलो असतो की."